'उगाळणे' ते 'लावा' : परसातील वनस्पती, त्वचेची निगा आणि मराठी क्रियापदे

१

मराठी लोकसाहित्याच्या संकलनांत हळद, तुळस, मेंदी, कडुलिंब या वनस्पतींचे उल्लेख विपुल आहेत. त्यांची वर्गवारी मात्र बहुतेक ठरून गेलेली दिसते. हळद विवाहगीतांत जाते, तुळस देवतांच्या ओव्यांत, कडुलिंब वर्षप्रतिपदेच्या आचारात आणि मेंदी शृंगाराच्या सदरात. याच वनस्पती अंगाला कशा लावायच्या, केव्हा लावायच्या, किती वेळ ठेवून कशाने काढायच्या, याविषयीचे स्त्रियांचे ज्ञान या वर्गवारीत बसत नाही. ते 'घरगुती औषधे' अशा नावाच्या पुस्तकांकडे सोपवले जाते, आणि ती पुस्तके साहित्याच्या अभ्यासकाने उघडण्याची प्रथा नाही. परिणामी एकाच बाईने सांगितलेली ओवी एका कपाटात आणि तिनेच सांगितलेली उटण्याची रीत दुसऱ्या कपाटात पडून राहते. सरोजिनी बाबर यांच्या संकलनांत गीतांबरोबर आचारांचीही माहिती येते, हा अपवाद म्हणावा लागेल.

या फारकतीमुळे नेमके काय हरवते, याचा शोध भाषेच्या अंगाने घेता येतो. परसातील वनस्पतींनी त्वचेची निगा राखण्याचे मराठी ज्ञान हे वनस्पतींच्या नावांत जेवढे आहे त्याहून अधिक ते क्रियापदांत साठलेले आहे. छापील परंपरेने नावे जपली. क्रियापदे हळूहळू गाळली. ही गळती केवळ शब्दसंपदेची हानी नव्हे. प्रमाण, संस्कार आणि सावधगिरी या तिन्ही गोष्टी क्रियापदाच्या पोटात असल्यामुळे तिचा परिणाम प्रत्यक्ष कातडीवर होतो, आणि म्हणूनच हा प्रश्न कोशकाराइतकाच लोकसाहित्य शिकवणाऱ्या अध्यापकाचाही आहे.

२

प्रारंभ 'उटणे' या शब्दापासूनच करणे सोयीचे. संस्कृत 'उद्वर्तन' या शब्दापासून प्राकृतातील द्वित्व व्यंजनांच्या रूपांतून तो मराठीत आला. हिंदीतील 'उबटन' हे त्याचेच भावंड. मूळ शब्द क्रियावाचक आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान या क्रमाने विवेचन येते. तेथे उद्वर्तन म्हणजे अंग चोळण्याची कृती. चोळण्याचे द्रव्य हा नंतरचा भाग. मराठीत 'उटणे' हे क्रियापदही होते आणि नामही. आज केवळ नाम उरले आहे: दिवाळीच्या सुमारास दुकानात मिळणारी सुगंधी पूड. क्रियेचे वस्तूत रूपांतर होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत विरळाच.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा शके १०५१ मधील ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे. त्याच ग्रंथात स्नान आणि विलेपन यांचा राजोपभोग म्हणून स्वतंत्र विचार केलेला आहे, याकडे मात्र मराठीच्या वर्गात सहसा लक्ष वेधले जात नाही. दरबारी विलेपनात कस्तुरी, केशर, चंदन यांना मान. घरगुती उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हला, कचोरा, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची साल. द्रव्ये बदलली तरी क्रियांचा क्रम तोच राहिला: आधी तेल, मग पूड, मग ऊन पाणी.

'उटी' हा शब्द 'उटणे' याच्या शेजारचा, पण त्याची क्रिया उलट. उटणे चोळून काढून टाकायचे असते. उटी लावून अंगावर राहू द्यायची असते. पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात ती गारव्यासाठी, मळ काढण्यासाठी नव्हे. एका 'ई'काराने कृतीची दिशा बदलते आणि हा भेद निरक्षर भाविकालाही कळतो. सौंदर्यप्रसाधनांवरील आजच्या मराठी लेखनात मात्र दोन्हींसाठी 'पॅक' हा एकच शब्द पुरतो.

३

द्रव्य सिद्ध करण्याची क्रियापदे पाहिली म्हणजे या ज्ञानाची घडण स्पष्ट होते. उगाळणे, वाटणे, कुटणे, ठेचणे, खलणे, घोटणे, कालवणे, भिजत घालणे, निथळू देणे, वस्त्रगाळ करणे. यांतील कोणतेही दोन शब्द समानार्थी नाहीत. वाटायचे ते पाट्यावर, ओले. कुटायचे ते खलबत्त्यात किंवा उखळात, कोरडे. ठेचायचे ते जाडसर, रस सुटेपर्यंत. खलायचे ते बारीक होऊन एकजीव होईपर्यंत. साधन, ओलावा आणि कणाचा आकार या तिन्ही गोष्टी एका शब्दात सांगून झालेल्या असतात. उटण्याची पूड वस्त्रगाळ असली पाहिजे असे सांगितले जाते तेव्हा त्यात जाड कणांनी कातडी खरवडू नये ही काळजी अंतर्भूत असते. ती वेगळी उच्चारली जात नाही, कारण उच्चारण्याची गरजच नसते.

या सर्वांत 'उगाळणे' हे क्रियापद विशेष विचार करण्याजोगे आहे. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून चंदनाचे खोड, हळकुंड, वेखंड किंवा जायफळ फिरवले की जे सुटते ते अत्यल्प असते. द्रव्य तीव्र असेल तर हीच त्याची मर्यादा. बाळगुटीत प्रत्येक द्रव्याचे प्रमाण 'वेढ्यां'नी सांगतात: हळकुंडाचा एक वेढा, जायफळाचा अर्धा. वजनकाटा नसलेल्या घरात हाताच्या फेऱ्यांनी मात्रा मोजण्याची ही पद्धत आहे, आणि ती क्रियापदाशिवाय सांगताच येत नाही. तान्ह्या मुलाच्या अंगाला लावायची हळदही पुष्कळ घरांत अशीच सहाणेवर उतरवलेली असे. आता 'उगाळणे' जाऊन 'चिमूटभर हळद घ्या' आले म्हणजे काय घडते? हळकुंड दिसते, तपासता येते. पूड तशी नसते. हळदपुडीत मेटॅनिल यलोसारख्या रंगांची किंवा लेड क्रोमेटची भेसळ आढळलेली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला त्यापूर्वी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकन गावाला मिळते. पुडीत काय आहे ते सहाणेइतके सरळ सांगणारे साधन स्वयंपाकघरात दुसरे नाही.

कोरफडीचे उदाहरण याहून बोलके आहे. पान कापल्यावर सालीलगतच्या थरातून पिवळसर कडू चीक पाझरतो. आतला पारदर्शक गर वेगळा. चीक त्वचेला चुरचुरतो, काहींना पुरळ आणतो, पोटात गेल्यास रेचक असतो. गर थंडावा देतो. मराठीने या दोहोंना दोन नावे दिली. गर तो गर. आणि चीक आटवून सुकवला की तो 'काळा बोळ'. मुका मार लागल्यावर काळा बोळ उगाळून लावण्याची चाल घरोघरी होती, परंतु तो चेहऱ्याला लावावा असे कोणी सांगत नसे. एकाच वनस्पतीतील दोन द्रव्यांचा भेद भाषेनेच राखला होता. 'कोरफड लावा' या आज्ञेत तो पुसला जातो. कापलेले पान चीक निथळण्यासाठी उभे करून ठेवण्याची जी एक पायरी होती, ती 'निथळू देणे' या क्रियापदासह नाहीशी होते.

लावण्याच्या क्रियापदांतही अशीच श्रेणी आहे. चोळणे, माखणे, लिंपणे, थापणे, चोपडणे, फासणे, जिरवणे. तेल जिरवतात, उटणे चोळतात, लेप थापतात. 'फासणे' हे क्रियापद राखेला आणि काजळीला. त्यात अवमानाची छटा आहे, म्हणून हळद कोणी फासत नाही. 'न्हाऊमाखू घालणे' या जोडशब्दातील 'माखणे' आता एकट्याने फारसे वापरात नाही, जोडीमुळे तेवढे टिकले आहे. बाळाची 'टाळू भरणे' यातील 'भरणे' हे क्रियापद तर दुसऱ्या कोणत्याही शब्दाने बदलता येणार नाही. त्यात बोटाचा दाब किती हलका असावा हेही आले.

४

नावांच्या बाबतीत मराठीची अडचण वेगळी आहे आणि तिचा उगम व्याकरणात आहे. देशावर 'लिंब' म्हणजे कडुलिंब. 'लिंबू' म्हणजे आंबट फळ. प्रथमेत भेद स्पष्ट. परंतु सामान्यरूप दोन्हींचे 'लिंबा-' असेच होते. 'लिंबाचा पाला' म्हटले की कडुलिंब आणि 'लिंबाचे लोणचे' म्हटले की लिंबू, हे संदर्भाने कळते. 'लिंबाचा रस अंगाला लावावा' या वाक्यात संदर्भ साहाय्य करीत नाही. खेड्यातील वृद्धेने गोवर-कांजिण्यांनंतरच्या खाजेवर लिंबाच्या रसाने अंग पुसण्याविषयी सांगितले असेल, तर तिच्या मनात बहुधा पाल्याचा रस असतो. शहरात वाढलेला संकलक मात्र तो लिंबू समजून लिहून घेऊ शकतो. बोलीने हा धोका ओळखून फळाफुलांना वेगळी नावे दिलेली आहेत. कडुलिंबाचे फळ ती 'लिंबोळी', लिंबाचे झाड ती 'लिंबोणी'. पण रसाला असे वेगळे नाव नाही.

हा गोंधळ शब्दच्छलापुरता नाही. लिंबू आणि त्याच्या जातीतील फळांच्या सालीत व रसात फ्युरानोकौमारिन वर्गातील द्रव्ये असतात. ती अंगावर असताना कडक ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि पुढे कित्येक आठवडे काळे डाग राहतात. कडुलिंबाच्या पाल्याने असे होत नाही. एका सामान्यरूपाच्या चुकीच्या वाचनाने उपाय अपायात बदलू शकतो, आणि कोशांत या दोन शब्दांच्या नोंदी शेजारी असूनही त्यांच्या सामान्यरूपांची सरमिसळ नोंदवण्याची कोणास आवश्यकता वाटलेली नाही.

अन्य नावांचा घोळ तुलनेने परिचित आहे. 'ब्राह्मी' या नावाखाली ओढ्याकाठची जाड बारीक पानांची नीरब्राह्मीही विकली जाते आणि मंडूकपर्णी म्हणजे कारिवणाही. आंबेहळद, रानहळद, कचोरा या एकाच कुळातील कंदांची बाजारात अदलाबदल होते. निघंटुकारांना ही अडचण ठाऊक होती. 'राजनिघंटू'ने संस्कृत पर्यायांबरोबर कर्नाटक व महाराष्ट्र भाषांतील नावांचा आधार घेतला तो याच कारणासाठी. संस्कृतात एका वनस्पतीला दहा नावे आणि एका नावाच्या दहा वनस्पती. ओळख पटवायची तर बोलीकडे यावे लागते.

५

म्हणी व वाक्प्रचार यांत या ज्ञानाचा दुसरा साठा आहे. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण उतावळेपणाचा उपहास म्हणून शिकवली जाते. तिच्यातील विनोद क्रियापदावर उभा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. हळद लावायची असते. म्हणीतली नायिका ती पिते. जिला फळाची घाई तिला कृतीचेही भान नाही, असा दुहेरी टोला त्यात आहे. ज्या समाजाला 'लावणे' ही क्रिया सवयीची आहे त्यालाच 'पी' या शब्दाचे हसू येईल. हळदीने वर्ण पालटतो ही समजूतही म्हणीने खिल्लीत काढली आहे, हे विशेष. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' यात मात्रेचा विचार आहे: हळदीचा रंग चढायला किती लागते याचा अनुभव नसेल तर उपहास कळत नाही.

'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार या दृष्टीने सर्वांत मोलाचा. बिब्बा परसातला नव्हे, रानातला. परंतु आजीच्या बटव्यात त्याचे स्थान अढळ होते. त्याच्या टरफलातील तेल कातडीवर पडले की काहींना नुसता डाग पडतो आणि काहींच्या अंगावर फोड उठून सूज पसरते. या घटनेला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे: बिब्बा 'उततो'. दूध उतू जाते तसा तो लावल्या जागेच्या बाहेर जातो. काजूच्या टरफलातील तेलाचा दाह कोकणात ठाऊक आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातली. जुळलेल्या कामात विघ्न आणणाऱ्याला 'बिब्बा घातला' असे म्हणताना भाषेने एका वनस्पतीचा त्वचाविकारशास्त्रीय गुणधर्मच रूपकात साठवून ठेवला. दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या तोडीचे काम पुन्हा कोणी हाती घेतले, तर अशा शब्दांच्या नोंदीत वनस्पतिशास्त्र्याला आणि त्वचारोगतज्ज्ञालाही जागा द्यावी लागेल.

६

छापील परंपरेची वाटचाल एकसारखी नाही. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'औषधीसंग्रहा'त (१९२७) वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे, वर्णन, गुण आणि उपयोग यांची शिस्तबद्ध मांडणी आहे. तेथे वाचक वैद्य आहे असे गृहीत धरलेले असते, म्हणून संस्कार आणि मात्रा यांना स्थान राहते. नियतकालिकांतील गृहिणींसाठीच्या सदरांनी ही मांडणी सोडून आज्ञार्थाचा अवलंब केला: अमुक घ्या, तमुक मिसळा, चेहऱ्याला लावा, वीस मिनिटांनी धुवा. 'लावा' हे एकच क्रियापद चोळणे, लिंपणे, जिरवणे या सर्वांचे काम करू लागले. पाकक्रियेच्या लेखनात असे घडले नाही, ही तुलना उद्बोधक आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण आणले, तरी परतणे, वाफवणे, खमंग भाजणे ही क्रियापदे कायम राहिली. कारण क्रियापद चुकले तर पदार्थ त्याच दिवशी बिघडतो. त्वचेचा निवाडा उशिरा लागतो, आणि तोवर पान उलटलेले असते.

बावचीचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. काही उटण्यांत सुगंधी द्रव्यांबरोबर बावचीही असते. संस्कृत वैद्यकात बाकुची ही कोडावरील औषधी, आणि ती लावून उन्हाचा उपयोग करण्याचा विचार त्यात आहे. तिच्यातील सोरालेन हे द्रव्य प्रकाशाने क्रियाशील होते. आधुनिक त्वचाचिकित्सेनेही अतिनील किरणांबरोबर सोरालेनांचा वापर केला. म्हणजे 'लावणे' याच्यापुढे 'उन्हात बसणे' हे दुसरे क्रियापद होते, त्याचा कालावधी होता आणि तो वैद्य ठरवी. सौंदर्यसदरात आलेली बावची या दुसऱ्या क्रियापदाशिवाय येते. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीचे असल्याने उटणे ऊन चढण्याआधीच धुतले जाते. त्या आचारामागे प्रकाशाचा विचार होता असे म्हणणे अतिरेकाचे होईल, पण आचार सुटून केवळ पूड राहिली तेव्हा ते आपोआप मिळणारे संरक्षणही सुटले, एवढे म्हणता येते. मेंदीची कथा याहून उघड आहे. पाला वाटून लावायचा, वाळू द्यायचा आणि मग 'चढण्या'ची वाट पाहायची. तासाभरात काळी रंगणारी जी 'काळी मेंदी' म्हणून विकली जाते तिच्यात पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमाईन हे केसांच्या कलपातील रसायन असते, ज्याने फोड आल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. नाव तेच राहिले. 'चढणे' मात्र गेले.

विशेषणांचा संकोचही याच काळातला. कांती, तजेला, तुकतुकी, नितळ, मऊसूत ही त्वचेच्या प्रकृतीची विशेषणे होत. 'गोरा' हे वर्णाचे. सावळ्या वर्णाची त्वचा नितळ व तुकतुकीत असू शकते, आणि ज्या भाषेचा लाडका देव सावळा आहे तिला हे सांगण्याची गरज नव्हती. हिंदुस्थानात १९७५ पासून विकल्या गेलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द २०२० मध्ये काढण्यात आला. मराठी घरगुती उपायांच्या पुस्तकांत तो अद्याप प्रकरणाच्या शीर्षकात आढळतो. ज्या समजुतीला म्हणीने हसून बाजूला सारले होते, तिला छपाईने गंभीरपणे परत आणले, असा हा उलटा प्रवास आहे.

७

नोंदीचे मोल किती, हे हळदीच्याच एका प्रकरणाने दाखवून दिले. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळद जखमेवर लावतात हे ज्याला ठाऊक नाही असे मराठी घर सापडणार नाही. तथापि त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा म्हणून चालत नव्हता. तो छापील स्वरूपात वर्णिलेला असावा लागे. ही तरतूद २०११ च्या कायद्याने, २०१३ पासून, बदलली. म्हणून जुने ग्रंथ आणि 'इंडियन मेडिकल असोसिएशन'च्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेख असे पुरावे सादर करावे लागले. आजीचा हात पुरावा ठरला नाही; कागद ठरला. २००१ मध्ये हाती घेतलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा भरही ग्रंथस्थ परंपरांवरच आहे. ओवी, उखाणा, म्हण आणि न्हाऊ घालताना सांगितलेली रीत त्याच्या कक्षेबाहेर राहते.

मौखिक सामग्री मराठीत अल्प नाही. साने गुरुजींनी संपादिलेल्या 'स्त्रीजीवना'तील ओव्यांपासून गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनी जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपर्यंत ती उपलब्ध आहे. उणीव आहे ती विचारलेल्या प्रश्नांची. ओवी संपली की संकलकाची लेखणी थांबते. बाई पुढे जे सांगते ते 'किरकोळ' म्हणून सुटते. पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी क्षेत्रकार्य करावयाचे असते, तेव्हा नोंदपत्रकात वनस्पतीच्या नावासाठी रकाना असतो, गावासाठी असतो, सांगणाऱ्याच्या वयासाठी व जातीसाठीही असतो. क्रियापदासाठी नसतो. 'कोरफड लावायची' एवढी नोंद घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला त्याच घरी परत पाठवणे इष्ट. पान झाडाच्या तळाचे घेतले की वरचे, चीक किती वेळ निथळू दिला, गर काढला की खरवडला, तो चोळला की नुसता लिंपला, वाळू दिला की ओलाच धुतला, आणि घरात कोणाला तो सोसला नाही, हे विचारून त्या बाईच्या स्वतःच्या शब्दांत, तिच्या बोलीतील क्रियापदांसह लिहून घ्यावे. प्रमाण मराठीत ते शुद्ध करून लिहिण्याचा मोह अध्यापकानेही आवरावा. घाटावरची 'वाटते' आणि कोकणातली 'चेचते' यांत पाटा आणि दगड यांचा फरक असू शकतो.